पंचांग स्वतः वाचायला शिका: तिथी, सण, श्राद्ध आणि समुद्राची भरती

दिवाळी जवळ आली की घरोघरी एकच चर्चा असते: लक्ष्मीपूजन नक्की आज की उद्या? मग व्हॉट्सॲपवर चार गुरुजींचे चार निरोप फिरतात, कुणीतरी दिल्लीच्या वेबसाइटचा फोटो टाकतं, आणि शेवटी आजी म्हणते, "भिंतीवर काय छापलंय ते करा." भिंतीवरचं बहुतेक वेळा बरोबरच असतं. पण ते तसं का छापलंय हे कळायला फार मोठी विद्या लागत नाही. भागाकार येत असला आणि महिनाभर चंद्राकडे बघायची तयारी असली की पुरे.

पंचांग म्हणजे भविष्याचं पुस्तक, असा समज का झाला ते समजण्यासारखं आहे. मागच्या पानांवर राशिभविष्य असतं आणि लोक तेवढंच वाचतात. खरं पंचांग म्हणजे सूर्य आणि चंद्र आकाशात कुठे आहेत याचं वर्षभराचं वेळापत्रक. मुहूर्तांवर तुमचा विश्वास असो वा नसो, हे वेळापत्रक उपयोगाचं आहे. आजोबांच्या वर्षश्राद्धाचा दिवस काढायला, जुन्या कागदावरची तारीख लावायला, अलिबागच्या किल्ल्यात पाय न भिजवता जायला, सगळ्याला.

पहिलं काम: कोणतं पंचांग घ्यायचं

दिनदर्शिका आणि पंचांग या दोन वेगळ्या वस्तू आहेत. 'कालनिर्णय' १९७३ पासून घराघरात आहे आणि रोजच्या कामाला पुरतं. शिकायचं असेल तर मात्र पुस्तकरूपातलं पंचांग घ्या. सोलापूरचं दाते पंचांग महाराष्ट्रात सर्वांत जास्त चालतं. गुढीपाडव्याच्या कितीतरी आधीच ते पूजासाहित्याच्या दुकानात मिळू लागतं.

घेतल्यावर मुखपृष्ठाच्या आतलं पान आधी वाचा. तिथे गणित कोणत्या गावासाठी केलंय आणि अयनांश कोणता धरलाय ते लिहिलेलं असतं. गाव महत्त्वाचं, कारण मुंबई आणि नागपूर यांच्या रेखांशात सहा अंशांहून जास्त फरक आहे. एका अंशाला चार मिनिटं या हिशेबाने नागपूरला सूर्य आणि चंद्र मुंबईपेक्षा साधारण पंचवीस मिनिटं आधी उगवतात. नागपूरच्या घरात मुंबईचा चंद्रोदय बघून संकष्टी सोडणारे लोक तेवढा वेळ उगाच उपाशी राहतात.

अयनांश म्हणजे राशिचक्राची सुरुवात कुठून धरायची याबद्दलचा फरक. बहुतेक पंचांगं चित्रापक्षाचा, म्हणजे चित्रा तारा आधाराला धरून काढलेला, अयनांश वापरतात, सध्या तो सुमारे २४ अंश आहे. टिळक पंचांग वेगळा धरतं, सुमारे चार अंशांनी कमी. त्यामुळे त्यांची मकरसंक्रांत १४-१५ जानेवारीऐवजी १० जानेवारीच्या आसपास येते, आणि एखाद्या वर्षी अधिक महिनाच वेगळा पडून त्यांचा गणपती महिनाभर आधी बसतो. कोकणात आणि पुण्यात अशी घरं आहेत. तुमच्या घरी पूर्वीपासून कोणतं पंचांग चालत आलंय ते विचारून घ्या आणि तेच धरा. एक सण एका पंचांगाने, दुसरा दुसऱ्याने, असं केलं की हिशेब कायमचा बिघडतो. हा वाद काही आजचा नाही. आकाशातला चंद्र आणि कागदावरचा चंद्र जुळत नाहीत हे लक्षात आल्यावर एकोणिसाव्या शतकात गणिती केरूनाना छत्र्यांनी वेधाशी, म्हणजे प्रत्यक्ष आकाशातल्या मोजणीशी, जुळणारं पंचांग काढलं, पुढे लोकमान्य टिळकांनीही पंचांगशुद्धीत लक्ष घातलं.

दुसरं काम: एक ओळ वाचणं

पंचांगाचं पान उघडलं की आकड्यांचं जंगल दिसतं. घाबरू नका. एका दिवसाला एक ओळ, आणि त्या ओळीत पाच मुख्य गोष्टी: तिथी, वार, नक्षत्र, योग, करण. त्यातल्या तिथी, वार आणि नक्षत्र या तिघांवर घरातली नव्वद टक्के कामं होतात.

समजा ओळ अशी आहे: गुरुवार, तिथी ११, पुढे १४.२०. नवख्या माणसाला वाटतं, एकादशी दुपारी दोन वीसला लागते. उलट आहे. छापलेला आकडा त्या दिवशीच्या सूर्योदयाला असलेल्या तिथीचा असतो आणि शेजारची वेळ ती तिथी संपण्याची असते. म्हणजे गुरुवारी सूर्य उगवताना एकादशी होती, ती दुपारी दोन वीसला संपली आणि द्वादशी लागली. एकादशी सुरू कधी झाली हे पाहायचं तर वरच्या ओळीत, बुधवारी, दशमी किती वाजता संपली ते बघायचं. ही एवढी खूणगाठ बांधली की अर्धं पंचांग आलं.

वेळेच्या रकान्यात आणखी दोन गमती आहेत. काही पंचांगांत मध्यरात्रीनंतरचे तास २४ च्या पुढे मोजतात, कारण आपला वार सूर्योदयाला बदलतो, रात्री बाराला नाही. २६.१५ असं दिसलं तर ती उत्तररात्रीची सव्वादोनची वेळ. आणि 'अहोरात्र' असं छापलं असेल तर ती तिथी पुढच्या सूर्योदयापर्यंत संपतच नाही. जुन्या पंचांगात तासांऐवजी घटी-पळं असतात: ६० घटींचा दिवस, एक घटी २४ मिनिटांची, एक पळ २४ सेकंदांचं. आणि मोजणी सूर्योदयापासून.

रकान्यांत एक तारीख 'राष्ट्रीय' म्हणूनही दिसेल. ती चांद्र नाही. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ ला, म्हणजे १ चैत्र १८७९ ला, सरकारने सौर महिन्यांची दिनदर्शिका लागू केली. तिचा चैत्र दरवर्षी २२ मार्चला सुरू होतो, लीप वर्षी २१ ला. महिन्यांची नावं तीच असल्यामुळे लोक गोंधळतात. सणांसाठी तो रकाना सोडून द्या.

तिथी कमी-जास्त का होते

"यंदा तृतीया नाहीच," असं ऐकलं की तरुण मंडळींना वाटतं, ही काय मनमानी? हिशेब अगदी सरळ आहे. अमावास्येला चंद्र आणि सूर्य एका रेषेत असतात. तिथून चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे गेला की एक तिथी संपली. असे १२ अंशांचे ३० तुकडे म्हणजे ३६० अंश, पुन्हा अमावास्या.

चंद्र रोज साधारण १३ अंश सरकतो, सूर्य एक. फरक बाराच्या जरा वर, म्हणून सरासरी तिथी चोवीस तासांपेक्षा थोडी कमी. पण चंद्राचा वेग कायम सारखा नसतो. पृथ्वीच्या जवळ असला की तो जोरात धावतो, लांब असला की रेंगाळतो. त्यामुळे तिथी कधी १९-२० तासांत संपते, कधी २६-२७ तासांपर्यंत ताणते. सूर्योदयानंतर लागून पुढच्या सूर्योदयाआधीच संपली, तर तिला एकही सूर्योदय मिळत नाही: तो क्षय. दोन सूर्योदय मिळाले तर वृद्धी. तिथी नाहीशी झालेली नसते, फक्त तिच्या नावावर दिवस पडलेला नसतो.

हे डोळ्यांनी पडताळता येतं, आणि पडताळाच. शुद्ध द्वितीयेला सूर्य मावळल्यावर पश्चिमेला बारीक कोर दिसते आणि लगेच बुडते. शुद्ध अष्टमीला सूर्यास्ताच्या वेळी अर्धा चंद्र डोक्यावर असतो. पौर्णिमेला इकडे सूर्य बुडतो आणि तिकडे चंद्र उगवतो. त्यानंतर तो रोज सरासरी पाऊण-एक तास उशिरा येतो, म्हणून संकष्टीला नऊच्या आसपास वाट बघावी लागते आणि वद्य अष्टमीला मध्यरात्र होते. महिनाभर गच्चीवरून आधी तिथी सांगायची आणि मग पंचांग उघडायचं. मुलांना हा खेळ फार आवडतो. पौर्णिमेच्या रात्री आणखी एक बघता येतं: चंद्र ज्या नक्षत्राजवळ असतो त्यावरून महिन्याचं नाव पडलंय. कार्तिकात कृत्तिकांच्या पुंजक्यापाशी, मार्गशीर्षात मृगापाशी, माघात मघेपाशी, चैत्रात चित्रेपाशी. अगदी नेमकं नाही, पण जवळपास.

तिसरं काम: महिना आणि वर्ष लावणं

आपला महिना अमावास्येला संपतो. उत्तरेत पौर्णिमेला संपतो. त्यामुळे शुद्ध पक्षात दोघांच्या महिन्याचं नाव एकच असतं आणि वद्य पक्षात त्यांचं नाव एक घर पुढे असतं. आपली गोकुळाष्टमी श्रावण वद्य अष्टमी, त्यांची भाद्रपद कृष्ण अष्टमी. दिवस तोच. महाशिवरात्र आपल्याकडे माघ वद्य चतुर्दशी, तिकडे फाल्गुन कृष्ण. हिंदी वाहिन्यांवर श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी सुरू होतो तो यामुळेच. मोबाइलवरचं पंचांग वापरत असाल तर सेटिंगमध्ये जाऊन 'अमान्त' (अमावास्येला संपणारा महिना) निवडा आणि आपलं गाव टाका. हे दोन बदल केले नाहीत तर ते ॲप तुम्हाला दिल्लीचं पंचांग दाखवत बसेल.

बारा चांद्र महिने म्हणजे सुमारे ३५४ दिवस. सौर वर्षाला अकरा कमी पडतात. हे अकरा-अकरा साठत जातात आणि साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक अधिक महिना घालून हिशेब मिटवला जातो. नियम असा, की ज्या चांद्र महिन्यात सूर्याची संक्रांत, म्हणजे सूर्याचा नव्या राशीत प्रवेश, येत नाही तो अधिक. गणेश चतुर्थीच्या तारखा एका खाली एक लिहून बघा: ३१ ऑगस्ट २०२२, १९ सप्टेंबर २०२३, ७ सप्टेंबर २०२४, २७ ऑगस्ट २०२५, १४ सप्टेंबर २०२६. दरवर्षी अकरा-बारा दिवस मागे, आणि मग एकदम अठरा-एकोणीस दिवस पुढे उडी. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये १७ मेपासून अधिक ज्येष्ठ आहे. गणपती पुढे गेले ते त्यामुळे.

एकोणीस वर्षांत असे सात अधिक महिने बसतात आणि चक्र जवळजवळ पूर्ण होतं. म्हणून दर एकोणिसाव्या वर्षी तिथी आणि तारीख पुन्हा भेटतात. राखीपौर्णिमा १५ ऑगस्टला आली होती २००० साली, मग थेट २०१९ साली, आणि त्याआधी १९८१ साली. तुमच्या १९ व्या, ३८ व्या, ५७ व्या वाढदिवसाला तिथी ताडून बघा, फार तर एखाद्या दिवसाचा फरक पडेल.

शके आणि इसवी सन यांच्यात ७८ चा फरक. पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवायचे, १ जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९. हा शेवटचा तुकडा विसरला की एक वर्ष चुकतं. शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. नुसते ७८ मिळवले तर १६२९ येईल. पण फाल्गुन पडतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणून ७९: १९ फेब्रुवारी १६३०. राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, तिथे ७८ पुरतात: ६ जून १६७४. या दोन्ही तारखा तेव्हाच्या जुलियन पद्धतीच्या आहेत. आजच्या ग्रेगोरियन पद्धतीने त्या दहा दिवस पुढे जातात. तारखेनुसार आणि तिथीनुसार अशा दोन शिवजयंत्यांमध्ये जे अंतर दिसतं त्यात हाही भाग आहे, निव्वळ राजकारण नाही.

घरात जुने मोडी कागद असतील तर त्यावर शके नसून सुहूर सन (यालाच 'सुरू सन' म्हणतात, एक जुनी कालगणना) असण्याची शक्यता मोठी. 'सुरू सन खमस सबैन मया व अलफ' असं अरबी आकड्यांत लिहिलेलं असतं: पाच, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे ११७५. यात ५९९ मिळवले की १७७४. हे साल मृग लागला की, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, बदलतं, म्हणून जानेवारी ते मेअखेरच्या कागदाला ६०० मिळवायचे. फसली सन (महसुलाच्या हिशेबातलं साल) असेल तर ५९० किंवा ५९१. महिना-दिवस नेमका लावायचा असेल तर जुन्या तारखांच्या जंत्र्या मोठ्या ग्रंथालयांत मिळतात.

चौथं काम: सण कोणत्या दिवशी

खरी मेख इथे आहे. तिथी दोन दिवसांवर पसरलेली असते, मग सण कोणत्या दिवशी? "सूर्योदयाची तिथी धरा" हा नियम अर्ध्या सणांनाच लागू पडतो. प्रत्येक व्रताचा एक कर्मकाळ ठरलेला आहे, दिवसातल्या ज्या वेळी ते करायचं ती वेळ. त्या वेळी तिथी हवी. पाडव्याला सूर्योदयी प्रतिपदा. गणेश चतुर्थी आणि रामनवमीला मध्यान्ह. दसऱ्याला आणि श्राद्धाला अपराण्ह. लक्ष्मीपूजन, होळी प्रदोषात, म्हणजे सूर्यास्तानंतर. महाशिवरात्रीला मध्यरात्र, आणि संकष्टीला चंद्रोदय.

मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. सूर्योदय ते सूर्यास्त या दिनमानाचे पाच समान भाग करायचे: प्रातःकाळ, संगव, मध्यान्ह, अपराण्ह, सायान्ह. २७ ऑगस्ट २०२५ चं मुंबईचं उदाहरण करून बघू. सूर्योदय ६.२४, सूर्यास्त संध्याकाळी ६.५४. दिनमान साडेबारा तास, पाचवा भाग अडीच तास. सूर्योदयात दोन भाग, म्हणजे पाच तास मिळवले की ११.२४. तिथून अडीच तास, १.५४ पर्यंत मध्यान्ह. चतुर्थी लागली होती २६ ला दुपारी दोनच्या सुमारास, म्हणजे त्या दिवशीचा मध्यान्ह संपता संपता, आणि संपली २७ ला पावणेचारच्या आसपास. २७ चा मध्यान्ह पुरता चतुर्थीत, म्हणून गणपती २७ ला. हाच हिशेब तुमच्या गावाच्या वेळांनी करा, पाच मिनिटांचं काम आहे. गुरुजी दुपारी एकला आले म्हणून हळहळायचं कारण नाही हेही यातून कळेल.

दिवाळी २०२४ ची मजा आणखी. अमावास्या ३१ ऑक्टोबरला दुपारी चारच्या सुमारास लागली आणि १ नोव्हेंबरला संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास संपली. प्रदोष म्हणजे सूर्यास्तानंतरचा साधारण सव्वादोन-अडीच तासांचा काळ. ३१ ला तो अख्खा अमावास्येत होता. १ तारखेला मुंबईचा सूर्य सहाच्या थोडा नंतर मावळला, म्हणजे दहाएक मिनिटं अमावास्या प्रदोषात शिल्लक होती. महाराष्ट्रातल्या पंचांगांनी १ नोव्हेंबर दिला, काशीकडच्या बऱ्याच लोकांनी ३१ ला दिवे लावले. दोघेही नियम सोडून वागले नव्हते. दोन्ही दिवशी प्रदोषाला तिथी स्पर्श करत असेल तर दुसरा दिवस घ्यावा, असं मानणारी एक परंपरा, आणि जिथे तिथीची व्याप्ती जास्त तो दिवस घ्यावा, असं मानणारी दुसरी. आपल्याकडची पंचांगं धर्मसिंधूच्या निर्णयांकडे जास्त झुकतात. तो ग्रंथ लिहिणारे काशीनाथ उपाध्याय पंढरपूरचेच, अठराव्या शतकाच्या अखेरीचे. माझं मत विचाराल तर अशा वेळी आपल्या प्रदेशाचं पंचांग धरावं आणि फॉरवर्ड आलेला निरोप पुढे ढकलू नये.

एकादशी दोन दिवस छापलेली दिसते ती 'स्मार्त' आणि 'भागवत' म्हणून. सूर्योदयाआधीचा चार घटींचा, म्हणजे ९६ मिनिटांचा काळ हा अरुणोदय. त्या वेळी दशमी शिल्लक असेल तर वैष्णव ती एकादशी विद्ध, म्हणजे दशमीने बिघडलेली, मानतात आणि दुसरा दिवस धरतात. वारकरी भागवत एकादशी पाळतात. घरात माळकरी असतील तर उपासाची साबुदाणा खिचडी कोणत्या दिवशी करायची ते आदल्या रात्रीच विचारून घ्या.

जन्म आणि मृत्यूची नोंद

घरात कुणी गेलं की त्या गडबडीत दाखल्यावर तारीख येते, तिथी कुणी लिहून ठेवत नाही. आणि वर्षाने सगळे एकमेकांना विचारत बसतात. तीन गोष्टी त्याच आठवड्यात वहीत लिहा: तारीख, वेळ, गाव. वेळ यासाठी, की तिथी त्या दिवशी दुपारी बदललेली असू शकते. सूर्योदयाची तिथी छापील असली तरी मृत्यूच्या क्षणी चालू असलेली तिथी श्राद्धासाठी धरतात. सकाळी नऊला गेलेल्याची आणि रात्री नऊला गेलेल्याची तिथी एकाच तारखेला वेगळी असू शकते. पुढे वार्षिक श्राद्धाला त्या महिन्यातली, त्या पक्षातली ती तिथी ज्या दिवशी अपराण्हात असेल तो दिवस. पितृपक्षातही तीच तिथी.

वेळ ठाऊक नसेल तर गुरुजींना तसं स्पष्ट सांगा. तिथीच ठाऊक नसलेल्यांसाठी सर्वपित्री अमावास्या आहेच.

जन्माच्या नोंदीतही तारीख, मिनिटासह वेळ आणि गाव. त्यावरून चंद्रनक्षत्र आणि त्याचा चरण कधीही काढता येतो. कुंडली काढायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, नोंद तरी घरात राहू द्या. आणि जुनी पंचांगं रद्दीत घालू नका. वर्षाचं एक पातळ पुस्तक, वीस वर्षांचा गठ्ठा एका कप्प्यात मावतो.

परदेशात असाल तर

न्यू जर्सी किंवा लंडनच्या मराठी घरांत सोलापूरचं पंचांग तसंच्या तसं वापरून चालत नाही. तिथी संपण्याचा क्षण जगभर एकच असतो, सूर्योदय मात्र प्रत्येक गावाचा वेगळा. पायऱ्या दोनच. भारतीय वेळ आपल्या वेळेत बदला. मग ती आपल्या गावच्या सूर्योदयाशी, किंवा त्या व्रताच्या कर्मकाळाशी, ताडा.

समजा एखादी तिथी भारतात बुधवारी सकाळी आठला लागली आणि गुरुवारी सकाळी साडेसातला संपली. भारतात ती गुरुवारची तिथी. उन्हाळ्यात न्यू जर्सी साडेनऊ तास मागे असतं, म्हणजे तिथे ती मंगळवारी रात्री साडेदहाला लागली आणि बुधवारी रात्री दहाला संपली. तिथे ती बुधवारचीच. म्हणून पुण्यातली आई गुरुवारी पूजा करते आणि तिकडची सून बुधवारी, आणि दोघी बरोबर असतात. हिवाळ्यात घड्याळं बदलली की फरक साडेदहा तासांचा होतो हे विसरू नका. संकष्टीला चंद्रोदय त्याच शहराचा बघा. लंडनचा उन्हाळ्यातला चंद्र फार छळतो.

पाऊस आणि समुद्र

शेतकरी 'मृग लागला' म्हणतात ते चंद्राचं नव्हे, सूर्याचं नक्षत्र. सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो, आणि त्या तारखा दरवर्षी जवळपास स्थिर असतात: ७-८ जूनला मृग, २१-२२ ला आर्द्रा, ५-६ जुलैला पुनर्वसू, मग पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, सप्टेंबरअखेर हस्त, आणि शेवटी चित्रा, स्वाती. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. 'पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती' ही म्हण रब्बीच्या ओलीबद्दल बोलते आणि ती खोटी नाही. या नक्षत्रांशेजारी वाहन छापलेलं असतं, कधी बेडूक, कधी गाढव, कधी हत्ती. ते काढतात सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून आणि नऊने भागून. त्यात वाऱ्याचा, ढगांचा काहीही संबंध नाही. वाहन बेडूक आहे म्हणून पेरणी करू नका. त्यासाठी हवामान खात्याचा अंदाज आणि जमिनीतली ओल बघा.

समुद्राचा हिशेब मात्र पक्का आहे, कारण भरती खरोखरच चंद्रावर चालते. कोकणात सांगतात: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार गुणिले तीन भागिले चार, म्हणजे तीन. दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती, त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी, म्हणजे नऊला. षष्ठीला साडेचारला भरती, साडेदहाला ओहोटी. वद्य पक्षातही पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास भरती येते आणि ती उधाणाची. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी फार चढतही नाही, फार उतरतही नाही.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत किंवा टांग्याने जायचं तर ओहोटी दिवसाउजेडी हवी आणि पाणी नीट उतरलेलं हवं. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला येते खरी, पण ती भांगाची, वाटेत गुडघाभर पाणी लागू शकतं. पौर्णिमेला पाणी छान उतरतं, पण पहाटे सहाला आणि संध्याकाळी सहाला, म्हणजे अडचणीच्या वेळी. त्यातल्या त्यात चतुर्थी ते षष्ठीची सकाळ चांगली. नऊ ते साडेदहाच्या ओहोटीआधी तासभर निघा, किल्ला बघा, आणि पाणी फिरल्यावर तासाभरात परत या. वेळ पुढेमागे अर्धा-पाऊण तास होऊ शकते, त्यामुळे किनाऱ्यावरच्या टांगेवाल्याला विचारल्याशिवाय पाय टाकू नका. पावसाळ्यात हा बेतच नको. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवरही हेच, फक्त तिथे लाट अंगावर येते, म्हणून स्थानिक माणूस नाही म्हणाला की देवाला लांबूनच नमस्कार करून मागे फिरा.